साच्यात न बसणारा आवाज : तेंगेर यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीची तरुण गायकांची राष्ट्रीय स्पर्धा १९८४ साली सुरू झाली. १९८६ च्या पर्वात तिचे तीन गट पडले: पाश्चात्त्य ऑपेराच्या पद्धतीचं गाणं, संगीत महाविद्यालयांत घोटून तयार केलेली 'राष्ट्रीय' शैली, आणि लोकप्रिय गाणं. गवताळ माळावर, डोंगरात, शेतावर लोक जसं गातात तसं गाणाऱ्यांसाठी वेगळा गट यायला २००६ साल उजाडलं. मधली वीस वर्षं अल्पसंख्याक समाजातल्या गायकापुढे दोनच वाटा होत्या. एक तर आवाज महाविद्यालयाच्या साच्यात बसवायचा, नाहीतर 'लोकप्रिय' या सैल गटात शिरून आपली जागा आपणच करायची.

तेंगेर दुसऱ्या वाटेने गेले. चीनच्या इनर मंगोलिया प्रदेशातल्या ओर्दोस भागातल्या या मंगोल गायक-संगीतकाराने आता साठी ओलांडली आहे. त्यांचा आवाज खरखरीत आहे, वरच्या स्वरांत छातीच्या जोरावर ताणलेला, फाटेल की काय अशी धास्ती वाटावी इतका. ऑपेराच्या परीक्षकाला तो अशिक्षित वाटेल, आणि मंगोल दीर्घगीत, म्हणजे ठेक्याविना लांबवत गायचं पारंपरिक गाणं, गाणाऱ्या जुन्या जाणकारांनाही तो आपल्या परंपरेतला वाटणार नाही. तरी हा आवाज चार दशकं टिकला, आणि त्याची गाणी मंगोल न येणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या तोंडी बसली. हे कसं जमलं याचं उत्तर त्यांच्या गळ्यात थोडं आहे. त्या गळ्यासाठी गाणं कसं बांधलं गेलं यात बरंच जास्त आहे. तेंगेर यांच्यात रचनाकार आधी तयार झाला आणि गायक मागाहून आला. हा क्रम लक्षात घेतला नाही तर त्यांची कारकीर्द नुसती 'दमदार आवाजाची देणगी' वाटते, आणि त्यांचं गाणं उचलू पाहणारे गायक नेमके तिथेच फसतात.

ओर्दोस आणि तीन तारा

तेंगेर यांचा जन्म १५ जानेवारी १९६० चा, ओतोग होशूतला. होशू म्हणजे इनर मंगोलियातला तालुकावजा प्रशासकीय विभाग, मात्र आकाराने आपल्या तालुक्याच्या कितीतरी पट मोठा. ज्या विभागात ओतोग येतं त्याचं नाव तेव्हा इख जू होतं. २००१ मध्ये त्याचं ओर्दोस शहर झालं. पीत नदीच्या मोठ्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेला हा पठारी प्रदेश आहे. उत्तरेला कुबुची वाळवंट, दक्षिणेला मू उस. हिरव्यागार कुरणांचं जे चित्र मंगोलिया म्हटलं की डोळ्यांपुढे येतं, त्यापेक्षा ही जमीन कोरडी आणि वाळूमिश्रित आहे. पुढे तिथे कोळशाच्या खाणी वाढल्या तो इतिहास वेगळा.

संगीताच्या बाजूनेही ओर्दोस वेगळं आहे. मंगोल गाण्याचे दोन मोठे प्रकार: उर्तीन दू म्हणजे दीर्घगीत आणि बोगिनो दू म्हणजे लघुगीत. दीर्घगीतात ठेका नसतो. एकेक अक्षर लांबवत, त्यावर हरकती घेत गायक पुढे जातो; चार मिनिटांच्या गाण्यात जेमतेम दहा शब्द असू शकतात. २००५ मध्ये युनेस्कोने मंगोलिया आणि चीन या दोघांचा संयुक्त वारसा म्हणून ज्याची घोषणा केली ते हेच. इनर मंगोलियात त्याची मोठी घराणी शिलिनगोल, हुलुनबुइर, अलशा या भागांत आहेत. शिलिनगोलचे हाजाब या परंपरेतले फार मोठे नाव. हुलुनबुइरच्या बाओयिन देलगेर यांनी १९५५ च्या वॉर्सॉ युवक महोत्सवात दीर्घगीतासाठी सुवर्णपदक मिळवलं होतं. ओर्दोसमध्येही दीर्घगीत आहे, पण तिथली खरी ओळख लघुगीताची: ठेक्यात बांधलेलं, लग्नात आणि मेजवानीत सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आणि स्वरांच्या मोठमोठ्या उड्यांचं. खालच्या पंचमावरून एकदम वरच्या पंचमावर जाणारी, म्हणजे पूर्ण सप्तकाची उडी तिथे नवलाची नाही. तेंगेर यांच्या चालींत मधेच जी अचानक झेप येते तिचं मूळ आम्हाला इथे दिसतं.

१९७५ मध्ये, पंधराव्या वर्षी, ते इनर मंगोलियाच्या राजधानीत, होहोतला, कलाशाळेत दाखल झाले. सुरुवात नृत्याने झाली. हे विचित्र वाटायला नको. इनर मंगोलियात १९५७ पासून 'उलान मूचिर' नावाची फिरती कलापथकं होती. पहिलं पथक शिलिनगोलमधल्या सोनिद होशूत उभं राहिलं: नऊ माणसं, दोन घोडागाड्या, पाच वाद्यं. एवढ्याशा पथकात प्रत्येकाला नाचता, गाता, वाजवता आलंच पाहिजे. कलाशाळांच्या शिक्षणावरही याच गरजेची छाप होती. तेंगेर नाचावरून वाद्याकडे वळले आणि शुदरगा शिकले. चिनी लोक तिला सानश्येन म्हणतात: लांब दांडी, तीन तारा, सापाच्या कातड्याने मढवलेला लहानसा डबा आणि पडदे अजिबात नाहीत.

या वाद्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण गायकाचा पाया त्याने घातला. पडदे नसल्यामुळे प्रत्येक स्वर कानाने शोधावा लागतो. बोट केसभर सरकलं तरी बेसूर ऐकू येतं. छेडलेला स्वर लगेच विझतो, म्हणून वादकाला सतत आघात देत राहावं लागतं आणि वाक्य लहान तुकड्यांत बांधावं लागतं. तेंगेर यांच्या गाण्यांत साथीची हालचाल बारीक आणि नियमित असते, तर गळा तिच्यावर लांब, ठेक्याला न जुमानणारे स्वर टाकतो. लघुगीताची चौकट आणि तिच्यावर दीर्घगीताचा श्वास अशी ही जोडणी आहे. नुसत्या गायकाला ती सहसा सुचत नाही. हातात वाद्य असणाऱ्याला सुचते.

पुढे त्यांनी तियांजिनच्या संगीत महाविद्यालयात रचनाशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि १९८५ च्या सुमारास बीजिंगच्या मध्यवर्ती राष्ट्रीयता गीत-नृत्य मंडळात रुजू झाले. सरकारी मंडळातली नोकरी म्हणजे पगार, राहायला जागा आणि रंगमंच. त्या काळात स्वतःची गाणी लिहून पाहण्याचा धोका पत्करायला ही सुरक्षितता फार उपयोगी होती.

कविता सरहद्दीपलीकडची, चाल अलीकडची

त्यांचं नाव झालं ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या 'मंगोल माणूस' या गाण्याने. शब्द मंगोलियाचे कवी चोइजिलीन चिमिद यांचे. १९६१ चं मंगोलियाचं राष्ट्रगीत लिहिणाऱ्या दोघांपैकी हे एक. चाल तेंगेर यांची.

या जोडणीत एक व्यावहारिक अडचण दडलेली आहे. मंगोलियात १९४० च्या दशकापासून मंगोल भाषा सिरिलिक लिपीत लिहितात. इनर मंगोलियात जुनी उभी लिपी चालते. भाषा एक, पण पलीकडचं छापील पान अलीकडच्या मेंढपाळाला वाचता येत नाही. कविता ओलांडून येण्याचा सोपा मार्ग उरतो तो कानाचा, आणि चाल लागली की ती कवितेला पाय देते. हे गाणं पुढे दोन्ही बाजूंना गायलं गेलं, यात आम्हाला गायकापेक्षा संगीतकाराचं यश मोठं वाटतं.

दुसरी अडचण चिनी भाषेची. मंगोल कवितेत यमक ओळीच्या शेवटी नसतं, सुरुवातीला असतं: कडव्यातल्या ओळी एकाच अक्षराने सुरू होतात. चिमिद यांच्या कवितेचं पहिलं कडवं 'अ' वर उभं आहे. शेणाच्या गोवऱ्यांच्या धुराने भरलेल्या तंबूतला जन्म आणि पाळण्यासारखी वाटणारी माळरानाची भूमी असा तिचा आशय. गाताना ओळ उचलण्याचा जोर आपोआप पहिल्या अक्षरावर येतो, कारण मंगोल बोलण्यातही ते अक्षर ठसठशीत असतं आणि पुढचे ऱ्हस्व स्वर तोंडातल्या तोंडात गिळले जातात. चिनी रूपांतरात आरंभीचा अनुप्रास जातो आणि शेवटचं यमक येतं, म्हणजे कवितेचं वजन ओळीच्या दुसऱ्या टोकाला सरकतं. चाल मात्र तीच ठेवायची.

तेंगेर यांची चाल हे सहन करते, कारण ओळीचा आरंभ ती ठामपणे उचलते आणि ओळीच्या शेवटी लांब स्वर सोडते. मंगोल शब्दांना आरंभ मिळतो, चिनी शब्दांना शेवट. शिवाय चिनी अक्षरं स्वरावर किंवा न-ङ सारख्या अनुनासिकावर संपतात, त्यामुळे लांब स्वर मोकळ्या तोंडाने धरता येतो. मंगोलमध्ये व्यंजनांचे जोड ओळीच्या टोकाला येतात आणि गायकाला गिळलेला स्वर पुन्हा बाहेर काढून त्यावर टेकावं लागतं. दोन्ही ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐकली तर हा फरक सहज कळतो. आमच्या कानाला मंगोल पाठ जास्त घट्ट लागतो.

चिनीत गाणं हा निव्वळ बाजाराचा मोह होता असं मात्र म्हणता येणार नाही. २०२० च्या जनगणनेनुसार इनर मंगोलियाच्या सुमारे २ कोटी ४० लाख लोकसंख्येत मंगोल ४२ लाखांच्या आसपास आहेत. आपल्याच प्रदेशात पाचांतला एकही धड आपला नाही, अशा ठिकाणचा हा गायक आहे. बीजिंगला नोकरी करताना तर समोरचा श्रोता जवळजवळ नेहमीच चिनी बोलणारा. त्याच २०२० च्या सप्टेंबरात मंगोल माध्यमाच्या शाळांत भाषा, राजकारण आणि इतिहास हे विषय चिनीतून शिकवण्याचं धोरण लागू होऊ लागलं, तेव्हा पालकांनी मुलांना शाळेतून काढून घेत विरोध केला. या पार्श्वभूमीवर मंगोल शब्दांत मुद्रित झालेलं प्रत्येक गाणं आज अधिक मोलाचं झालं आहे.

काळानेही हात दिला. १९८० च्या सुरुवातीला चीनमध्ये कॅसेटवर तैवान-हाँगकाँगच्या मऊ, कुजबुजत्या आवाजांचं राज्य होतं. ९ मे १९८६ रोजी बीजिंगच्या कामगार क्रीडागृहात त्स्वी ज्यान यांनी आपलं पहिलं गाजलेलं रॉक गाणं म्हटलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत 'वायव्येचा वारा' नावाची लाट आली: कोरड्या पठारांच्या लोकगीतांची चाल, ढोल-गिटार आणि ओरडून म्हटलेले शब्द. खरबरीत गळा हा दोष न राहता सच्चेपणाची खूण ठरू लागला. तेंगेर दहा वर्षं आधी आले असते तर मंडळातले वादक म्हणूनच निवृत्त झाले असते, असं आम्हाला वाटतं.

१९९३ मध्ये त्यांनी स्वतःचा बँड काढला, त्साङलाङ, म्हणजे निळसर-करडा लांडगा. 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या तेराव्या शतकातल्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात चंगेज खानाचा आदिपुरुष म्हणून हा लांडगा येतो. घोडामुखी सारंगीवजा मोरिन खुर आणि इलेक्ट्रिक गिटार एका रंगमंचावर आणण्याची जी वाट पुढे २००४ मध्ये सुरू झालेल्या हाङगाइ आणि २०१६ मधल्या उलानबातरच्या 'द हू' या बँडांनी जगभर नेली, तिच्यावर आधी चाललेल्यांत तेंगेर आहेत.

पडद्यावरचा गायक

१९९५ चा 'काळा घोडा' हा चित्रपट या प्रकरणात मधोमध येतो. दिग्दर्शक श्ये फेइ. १९९३ मध्ये त्यांना बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालेलं होतं. कथा चाङ चंगची यांच्या १९८२ च्या दीर्घकथेवरून घेतलेली, चित्रीकरण मंगोलियात, संवाद मंगोलमध्ये. तेंगेर यांनी नायकाची भूमिका केली आणि संगीतही दिलं. त्या वर्षीच्या माँट्रियल महोत्सवात श्ये फेइ यांना दिग्दर्शनाचा आणि तेंगेर यांना संगीतासाठी कलात्मक योगदानाचा पुरस्कार मिळाला.

एका म्हातारीने सांभाळलेला पोरका मुलगा, त्याच तंबूत वाढलेली मुलगी, आणि हिमवादळात वाचलेलं काळं शिंगरू. मुलगा शिकायला शहरात जातो, गायक होतो. परततो तेव्हा मुलीवर अत्याचार झालेला असतो आणि ती गरोदर असते. म्हातारीला त्यात आक्रोश करण्यासारखं काही दिसत नाही. पोरीची कूस उजवली, ती जगेल, एवढंच ती म्हणते. मुलाला हे पेलत नाही. तो निघून जातो आणि बऱ्याच वर्षांनी परततो तेव्हा ती एका गाडीवानाच्या घरात नांदत असते.

या कथेच्या पाठीशी 'गांगा हारा' नावाचं जुनं दीर्घगीत आहे. काळ्या घोड्यावर बसून एक भाऊ दूर दिलेल्या बहिणीला शोधत निघतो. विहिरीपाशी विचारतो, मेंढपाळाला विचारतो, पुढे पाठवला जातो. कडवं तेच, फक्त ठिकाण बदलतं. शेवटी टेकडीवर एक बाई दिसते, आणि ती बहीण नसते. संगीतकारापुढची अडचण उघड आहे: असं गाणं तुकड्यातुकड्यांनी वापरावं लागणार, आणि प्रत्येक तुकड्याला पुरेसा वेळ दिला नाही तर ते पार्श्वसंगीताचा चिकटवलेला कागद होतं. तेंगेर यांनी वाद्यं मोजकी ठेवली आणि मोकळी जागा सोडली. मोठा वाद्यवृंद लावून माळरान 'भव्य' करायचा मोह त्यांनी टाळला याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. माळरान मोठं वाटतं ते स्वरांमधल्या शांततेमुळे.

'स्वर्ग' या गाण्याची बांधणी

१९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं 'स्वर्ग' हे गाणं (चिनीत 'थ्येनथाङ') त्यांची ओळख होऊन बसलं. शब्द आणि चाल दोन्ही त्यांचेच. शब्द वाचले तर चकित व्हायला होतं, इतके ते साधे आहेत. निळं आभाळ, नितळ तळं, हिरवा माळ, घर. मग धावणारे घोडे, पांढरे कळप, ती मुलगी, आणि पुन्हा घर. क्रियापदं जवळपास नाहीत. एकेक वस्तू नाव घेऊन समोर ठेवायची आणि मग एकदम, या घरावर माझं प्रेम आहे, एवढंच ओरडून सांगायचं.

ही यादी ओर्दोसच्या भूगोलाशी ताडून पाहिली तर गाण्याचा जीव कळतो. नितळ तळी आणि हिरवा माळ ही त्या वाळूमिश्रित पठाराची सरसकट ओळख नव्हे. बीजिंगला राहणारा माणूस जे घर आठवतो, ते असतं त्यापेक्षा हिरवं असतं. शहरात मजुरीला आलेल्या, मंगोल नसलेल्या लाखो चिनी लोकांनी हे गाणं आपलं मानलं, कारण यादीतल्या जागा रिकाम्या आहेत आणि प्रत्येकाला आपला गाव त्यात भरता येतो.

चालीची रचना अशी. कडवं गळ्याच्या खालच्या भागात, बोलल्यासारखं, फारशी हरकत न घेता. प्रत्येक वस्तूनंतर थांबा. ध्रुवपद आलं की स्वर चढतो आणि गळा पूर्ण उघडतो. सगळी मदार या दोन टोकांमधल्या अंतरावर आहे. कडवं जितकं कमी जोराने म्हणाल तितकं ध्रुवपद मोठं वाटतं. तेंगेर रंगमंचावर डोळे मिटून, कडव्यात जवळजवळ काहीच न करता उभे राहतात, ते याचसाठी.

आणखी एक खुबी: खरखर सगळीकडे नाही. ती वरच्या स्वराच्या आरंभी आणि लांब स्वराच्या शेवटाला येते, मधला भाग स्वच्छ असतो. श्रोत्याला मात्र सगळं गाणंच खरखरीत आठवतं.

२०१८ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, तेंगेर तरुण पिढीच्या मोबाइलवर पुन्हा आले ते दुसऱ्यांची गाणी म्हणून. 'अदृश्य पंख' हे २००६ चं नाजूक, मुलीच्या आवाजातलं गाणं आणि 'कॅलरी' हे मुलींच्या गटाने म्हटलेलं, वजन कमी करण्यावरचं धमाल गाणं त्यांनी आपल्या गळ्यात बसवलं. लोक आधी हसले, मग पुन्हापुन्हा ऐकू लागले. यातही काम केलं ते रचनाकाराने. कडवं खाली आणून शांत केलं, स्फोट ध्रुवपदासाठी राखला. 'स्वर्ग'चीच बांधणी परक्या गाण्यावर चढवली. गाण्याची टिंगल करायची असती तर पहिल्या ओळीपासून ओरडता आलं असतं. ते प्रत्येक गाणं गंभीरपणे म्हणतात, म्हणून ते टिकलं.

हे गाणं गायचं असेल तर

मराठी कानाला ही गाणी पटकन जवळची वाटतात, कारण पाया पाच स्वरांचा आहे. सा रे ग प ध हा संच घ्या, तो आपला भूप. त्यातला धैवत षड्ज मानला की सा, कोमल ग, म, प, कोमल नि असा धानीचा संच मिळतो; मंगोल गाण्यांत हा उदास छटेचा संच फार येतो. पहिली चूक इथेच होते. राग सापडल्याचा आनंद होतो आणि गायक दोन स्वरांत मींड भरू लागतो. मंगोल चाल उडी मारते, घसरत नाही. पाचव्या-सहाव्या अंतरावरचा वरचा स्वर थेट, पूर्ण जोराने लागला पाहिजे. अलंकार घ्यायचाच तर तो 'नुगला' प्रकारचा: एकाच धरलेल्या स्वरावर घशाने दिलेले जलद, ठळक झटके. आपल्या गमकेपेक्षा तो उथळ आणि वेगवान असतो. येत नसेल तर सोडून द्या. साधा सरळ स्वर चालतो, नक्कल चालत नाही.

पट्टी ठरवताना पहिल्या ओळीवरून ठरवू नका. कडवं खाली असल्याने सगळ्यांना मूळ पट्टी सोपी वाटते आणि ध्रुवपदाला गळा अडतो. उलट जा. आपल्याला तीनदा सलग, न दमता, छातीच्या आवाजात धरता येतो तो सर्वांत वरचा स्वर शोधा. त्याच्या एक स्वर खाली गाण्याचा सर्वोच्च स्वर बसवा आणि तिथून मागे मोजत षड्ज काढा. मूळ काळी दोन असेल आणि तुमची पांढरी सहा निघाली तर पांढरी सहातच म्हणा. बहुतेक पुरुषांना दोन-तीन स्वर उतरावं लागतं. अती उतरू नका. कडवं जमिनीला टेकलं की शब्द ऐकू येत नाहीत आणि ध्रुवपदाचा ताण नाहीसा होतो.

खरखर सगळ्यात शेवटी. आधी पूर्ण गाणं स्वच्छ आवाजात बसवा. मग ध्रुवपदातल्या दोनच जागा निवडा आणि तिथे स्वराच्या सुरुवातीला थोडी खरखर घ्या, श्वासाचा दाब न वाढवता. घसा आवळून काढलेली खरखर स्वरतंतू एकमेकांवर घासते. वारंवार केलं तर तंतूंवर गाठी येतात. तपासायची सोपी पद्धत म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचं बोलणं. साधं बोलताना आवाज बसलेला असेल तर खरखर चुकीच्या जागेवरून निघते आहे. आठवडाभर ती बंद ठेवा. दुखलं तर लगेच थांबा.

साथीत ढोलकी किंवा तबल्याचा ठेका कडव्यापासून लावू नये. ओळींमधले थांबे भरून जातात आणि गाणं भावगीत होऊन बसतं. घोड्याच्या टापांचा आवाज घालणं ही आणखी एक नेहमीची चूक: 'स्वर्ग' संथ आहे, त्यातले घोडे लांबून दिसतात. षड्ज-पंचमाचा मंद आधार आणि गिटारची मोकळी छेड एवढं कडव्याला पुरतं. तालवाद्य दुसऱ्या ध्रुवपदाला आणा.

मोरिन खुर आपल्याकडे सहज मिळत नाही. तिला दोनच तारा असतात, दोघींमधलं अंतर आता सहसा सा-म इतकं. परंपरेने या तारा घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या: जाड तारेला सुमारे १३० आणि बारीक तारेला १०५ केस, आता नायलॉनही चालतं. तार दांडीवर दाबत नाहीत, बोटाच्या नखाकडच्या बाजूने तिला नुसता टेका देतात. म्हणून स्वर किंचित श्वास मिसळल्यासारखा येतो. व्हायोलिनवर ही पोत येत नाही, आणि सवयीने आलेला कंप गाणं गोड करून टाकतो. आपली सारंगीही नखाच्या मुळाने वाजते, तेव्हा ती सगळ्यात जवळची. मात्र सारंगीच्या तरफा मागे गुंजत राहतात आणि मोरिन खुरला तरफा नाहीत. तरफांवर मऊ कापडाची पट्टी दुमडून घालावी, तात (गजाने वाजवायची मुख्य तार) खालच्या सप्तकात लावावी, आणि वादकाला सांगावं की ओळ संपल्यावर आलाप भरायचा नाही, तेवढी जागा तशीच राहू द्यायची.